गुडघ्याखालची सुई

रविवार, १ नोव्हेंबर १९८१

माझ्या बायकोनं, मुमताजनं, आज चक्क हात जोडले. म्हणाली, "माझे कान किटले. तुमच्या काळज्या कुठंतरी लिहून काढा, नाहीतर दुकानात विकायला ठेवा. रेडिओपेक्षा जास्त खपतील." म्हणून लिहायला बसलोय. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण लिहायला मला शाळेतलं मराठीच येतं.

काळजी एकच आहे, माझा धाकटा भाऊ युनूस. भोसरीत एका लहान कारखान्यात तो डिपवर काम करतो. स्कूटरच्या दिव्यांच्या पितळी कड्या तारेला बांधायच्या, तेजाबात बुडवायच्या आणि लखलखीत करून बाहेर काढायच्या, ते डिप. कड्या बुडाल्या की तांबडा धूर उठतो. छाती साफ राहावी म्हणून कारखाना डिपवाल्यांना रोज गुळाचा खडा देतो. युनूसची बोटं तेजाबानं पिवळी झाली आहेत. लग्नाआधीच हळद लागली, म्हणून गल्ली त्याला हसते. मला हसू येत नाही. सकाळी तो मोरीत तोंड धुताना खोकतो तेव्हा माझ्या हातातला चहा थांबतो.

अब्बांचा खोकला असाच सुरू झाला होता. ते दगडाच्या खाणीत होते. शेवटी त्यांना आडवंही पडता येईना, भिंतीला टेकून बसल्या बसल्या गेले. युनूसला मला तसं बघायचं नाही. बस, एवढंच.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

ज्योतीराम डॉक्टरांचा दवाखाना माझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत आहे. डॉक्टर रीतसर शिकलेले, पण मुंबईला जाऊन चिनी सुयांचा कोर्स करून आले तेव्हापासून अख्खं चिंचवड त्यांना सुईडॉक्टर म्हणतं. सुयांना वीज देणारं त्यांचं यंत्र जळलं म्हणून गेल्या महिन्यात ते माझ्याकडे आले होते. उघडून पाहिलं तर आत ट्रान्झिस्टरपेक्षा वेगळं काही नव्हतं. मी त्यांना नवीनच करून दिलं, सेलवर चालणारं. दोन वायरी, टोकाला चिमटे. चिमटे सुयांना लावायचे, बटण फिरवायचं, की टिकटिक सुरू होते आणि तिथलं मांस आपोआप उडायला लागतं. कंबरदुखीवाले खूश आहेत.

आज डॉक्टर आणखी एक सांगून गेले. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की गुडघ्याखाली सुई टोचून आधीच वीज दिली, तर विषारी धुरानं फुप्फुसाला येणारी सूज कमी येते. सशांवर करून पाहिलंय म्हणे.

मी विचारलं, "आणि माणसावर?"

"ते मला माहीत नाही, अकबर." खरं बोलणारा माणूस आहे.

पण मला त्यातलं 'आधीच' एवढंच ऐकू आलं. अब्बांच्या वेळी सगळं नंतर केलं होतं.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. युनूसला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुडघ्याखाली सुई लावली तसा तो म्हणाला, "लोकांची अक्कल गुडघ्यात असते, आमची फुप्फुसं गुडघ्यात निघाली." डॉक्टरही हसले. मग त्यांनी काडी पेटवली आणि वीतभर लांब धरली. तोंड उघडं ठेवून, ओठांचा चंबू न करता फुंकायचं. छाती चांगली असेल तर विझते. युनूसची विझली नाही. तीनदा फुंकलं आणि खोकत बसला.

घरी येताना तो म्हणाला, "भाई, मी डिपच सोडावं म्हणतोय. पॅकिंगला जागा मिळेल."

मी समजावलं. पॅकिंगवाल्यांना शेठ हवं तेव्हा घरी बसवतो, डिपवाल्याला हात लावत नाही. पुढच्या वर्षी लग्न करायचंय. "सुया घे, थोडं थांब. मी स्वतःच्या हातानं केलेलं यंत्र आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग म्हणाला, "बरं भाई."

शनिवार, १४ नोव्हेंबर

खोकला कमी झाला! रोज सकाळी कामावर जाण्याआधी दवाखान्यात नेतो, चिमटे मी लावतो. काल मोरीत नुसता चुळा भरण्याचा आवाज आला. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. मुमताज म्हणाली, "नव्या नवरीसारखे काय कान लावून उभे राहता?"

देवा, नजर लागू देऊ नकोस. मला चांगलं काही झालं की जास्तच भीती वाटते.

रविवार, २२ नोव्हेंबर

काडी विझली. एका फुंकीत. डॉक्टरांनी मला मिठी मारली.

आणि बोटं! नखांच्या मुळाशी पिवळेपणा राहिलाच नाही. रक्ताभिसरण सुधारल्याचं लक्षण असेल, असं डॉक्टर म्हणाले. मी युनूसचा हात उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिलो. त्यानं हळूच काढून घेतला. लाजतो अजून.

मुमताजला मात्र भलतंच दिसतं. त्याच्या शर्टावरून रोज पेंढा निघतो म्हणे. जेवताना तिनं त्याच्या कॉलरमधली काडी उचलून विचारलं, "युनूसमियाँ, कारखान्यात जाता की म्हशी राखायला?" तो जोरात हसला आणि पाणी प्यायला उठला. मुमताज ती काडी बोटात फिरवत बसली. बायकांना कशातही खोट काढायची सवय.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

युनूसबरोबर आज त्याचा दोस्त बिरू आला होता. चाकणपलीकडे भामा नदीकाठचा, धनगराचा पोरगा. म्हातारी आई आहे, ठकुबाई, आणि पाठचा भाऊ गेनबा. मेंढरं विकून हा कारखान्यात आला. अंगानं चांगला दणकट आहे, पण खोकत होता, आणि बोटं अशी पिवळी की मला युनूसचे महिन्यापूर्वीचे हात आठवले. मी दोघांचे हात शेजारी शेजारी धरून डॉक्टरांना दाखवले. तोच कारखाना, तेच तेजाब. एकाला सुया आहेत, एकाला नाहीत. याहून मोठा पुरावा कोणता?

बिरू म्हणाला, "तसं न्हाई अकबरभाऊ, आमी दोगांनी दिवाळी झाल्यावर..." तेवढ्यात युनूसनं त्याला विचारलं की सुईची भीती वाटते का. मग तो सुयांचंच बोलायला लागला. भीती न्हाई म्हणाला, मेंढराला सुई त्यो स्वतःच लावायचा.

डॉक्टर थोडे का कू करत होते. एका माणसावरून काही ठरत नाही म्हणाले. मीच गळ घातली. आपल्या भावाचं भागलं म्हणून दुसऱ्याच्या पोराला खोकत ठेवायचं का?

बुधवार, २ डिसेंबर

कारखान्याचे शेठ स्वतः दवाखान्यात आले! सगळ्या डिपवाल्यांना सकाळी कारखान्यातच सुया द्या म्हणाले, जागा देतो, चहा देतो. मी विचारलं, "युनूसचं कळलं ना तुम्हाला?" शेठ गालात हसले. "युनूसचंच तर सांगतो मी सगळ्यांना."

डॉक्टरांनी त्यांना बजावलं की धूर ओढणारा पंखा चालू पाहिजे, तोंडाला ओलं फडकं पाहिजे, सुया हा त्याला पर्याय नाही. शेठ म्हणाले, "अहो, ते तर आहेच."

आणखी एक यंत्र करायला घेतलंय. हे जास्त नेटकं होतंय.

बुधवार, ९ डिसेंबर

यंत्राची एक वायर सुटत होती म्हणून कारखान्यात गेलो. मी असतानाच लाइट गेली. लेथ थांबले, डिपवरचा धूर ओढणारा पंखा थांबला.

डिपवाल्यांची जुनी रीत मला युनूसकडून माहीत होती. लाइट गेली की पंखा बंद, पंखा बंद की डिपवाले बाहेर लिंबाखाली. शेठ ओरडो, कोणी ओरडो. डिपला वीज लागत नाही, हातानं बुडवायचं असतं, म्हणून शेठचा यावर नेहमीच राग. पण आज कुणी उठलंच नाही. बिरू तर गात होता. मला बघून ओरडला, "आता कशाला भ्यायाचं? सुया घेतल्यात की!"

माझी छाती भरून आली. मी केलेल्या दोन वायरींवर माणसांचा एवढा भरवसा! पण घशात काहीतरी खवखवलं आणि मी बाहेर आलो.

लिंबाखाली युनूस एकटा उभा होता. "तू बाहेर कसा?" तर म्हणे बिडी प्यायला आलो. मी तिथंच त्याला फैलावर घेतलं. इतक्या मेहनतीनं छाती नीट केली आणि हा बिडी पितो! त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाई, बिरूला सांगा ना लाइट गेल्यावर बाहेर यायला. तुमचं ऐकेल तो." मी म्हणालो, त्यांना विश्वास वाटतोय, आपणच कशाला मोडायचा?

आता लिहिताना वाटतंय, सांगायला हवं होतं का? उद्या सुट्टी आहे. पुढच्या वेळी सांगेन.

मंगळवार, १५ डिसेंबर, दुपारी

आज यंत्रानं माणूस वाचवला. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

सकाळी लाइट गेली होती. बिरू डिपवर होता, माल अडला होता म्हणून तो बुडवत राहिला. धूर कोंडला. खोकून खोकून बाहेर येऊन पडला, तेव्हा दोघांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. डोळे लाल, श्वास घ्यायला जड. डॉक्टरांनी सुया लावल्या, मी बटण फिरवलं. हळूहळू खोकला बसला. श्वास लागला. डॉक्टरांनी काडी पेटवली, त्यानं विझवली! वर म्हणतो, "काडीच काय, आख्खी चूल इझवतो." सगळे हसलो. चहा प्याला, बिस्कीट खाल्लं. डॉक्टरांनी घरी जाऊन आराम कर सांगितलं. मीच त्याला चाकणच्या एस.टी.त बसवून आलो. खिडकीतून हात हलवत गेला.

युनूस अजून कामावरच आहे. त्याला कधी सांगतो असं झालंय.

गुरुवार, १७ डिसेंबर

वरचं वाचवत नाही. खोडणार मात्र नाही.

मंगळवारी मी ते लिहून पेन खाली ठेवतो न ठेवतो तोच डॉक्टर दुकानात आले. कॉलेजातलं जाड पुस्तक हातात उघडंच होतं. दारातूनच विचारलं, "अकबर, बिरूचं घर कुठं?"

पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. हा तांबडा धूर छातीत गेला की माणूस आधी खोकतो, मग त्याला बरं वाटतं. हसतो, जेवतो, घरी जातो. आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. अशा माणसाला बरं वाटत असलं तरी सोडायचं नाही, चालूसुद्धा द्यायचं नाही. आम्ही त्याला गाडीत बसवून दिला होता, आणि फाट्यापासून त्याच्या घरापर्यंत चढाची पायवाट आहे.

शेजारच्या इकबालचा टेम्पो घेतला. वाटेत कारखान्यातून युनूसला उचललं, बिरूचं घर त्यालाच ठाऊक होतं. काय झालं ते ऐकून तो तसाच टेम्पोत चढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाई, मी डिपवर नाहीये."

"म्हणजे आज नव्हतास?"

"तुम्ही पहिली सुई लावलीत ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पॅकिंगला गेलो. बिरूला पक्की नोकरी पाहिजे होती, त्याला डिप पाहिजे होतं. शेठला विचारून जागा बदलल्या."

मला समजायला वेळ लागला. खोकला. काडी. बोटं. शर्टावरचा पॅकिंगचा पेंढा. एकेक करून सगळं कळलं. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं.

मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस? रोज सुया का घेत होतास?"

"तुम्ही रोज माझा श्वास ऐकून हसत होता, भाई. अब्बा गेल्यापासून तुम्हाला असं हसताना बघितलं नव्हतं. रोज वाटायचं, उद्या सांगू."

मी त्याच्या थोबाडीत मारली असती. मारली नाही, कारण मंगळवारच्या आधीच्या बुधवारी 'पुढच्या वेळी सांगेन' मीही म्हणालो होतो.

पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बिरू ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळे. तोंडातून गुलाबी फेस येत होता. ठकुबाईनं दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकल्या होत्या, त्याचा ठसका अंगणभर होता, आणि बिरूला खोकायचीसुद्धा ताकद राहिली नव्हती. मला तिथं अब्बा दिसले.

डॉक्टरांनी त्याला उचलू दिलं, चालू दिलं नाही. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत ते टेम्पोच्या हौद्यात त्याला मागून धरून बसून होते. ठकुबाई एकच विचारत होती, "सकाळी धड गेलेलं पोर असं कसं झालं वो?" तिथल्या मोठ्या डॉक्टरांना ज्योतीराम डॉक्टरांनी सगळं सांगितलं, सुया, काडी, एस.टी., काही झाकलं नाही. मोठे डॉक्टर एवढंच म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर उपयोग नव्हता."

बिरू ऑक्सिजनवर आहे. अजून काही सांगता येत नाही म्हणतात.

रविवार, २० डिसेंबर

बिरूनं डोळे उघडले, मला ओळखलं. नळी होती म्हणून बोलला नाही. माझा हात धरून ठेवला. मला तो हात सहन होईना.

सोमवार, २८ डिसेंबर

बिरूला घरी सोडलं. जगला. पण चार पावलं चालला की दम लागतो. किती सुधारेल ते वर्षभरानं कळेल, असं मोठे डॉक्टर म्हणाले. मेंढरामागं जाणं आता विसरायचं.

ज्योतीराम डॉक्टर शेठकडे जाऊन आले. सुया बंद, पंखा बंद तर डिप बंद, असं सांगितलं. शेठ म्हणाले, "बिरू वाचला ना? मग आम्ही तर तुमचं नाव करतोय." साऱ्या भोसरीत त्यांनी गवगवा केलाय की चिनी यंत्रानं माणूस मरणाच्या दारातून आणला. काल दोन कारखान्यांची माणसं दुकानात येऊन यंत्र मागून गेली. मी नाही म्हणालो. जाताना एक जण म्हणाला, मिस्त्री भाव खातोय.

मुमताज आता टोमणे मारत नाही. त्याचीही भीती वाटते. आज विचारलं, "तुला पेंढ्यावरून कळलं होतं ना?" ती म्हणाली, "संशय होता. तुम्ही इतके खुशीत होता, मी गप्प बसले." म्हणजे माझ्या खुशीला घरातलं प्रत्येक जण भ्यालं होतं.

सोमवार, ४ जानेवारी १९८२

आज दुपारी ठकुबाई दुकानात आली. एकटी, डोक्यावर हरभऱ्याचा टहाळ घेऊन. युनूसची पाळी नव्हती, तो माझ्याजवळ बसला होता. तिनं टहाळ माझ्यापुढं ठेवला आणि पदर पसरला.

"तुमच्यामुळं माजं पोर हाय. तुमच्या यंत्रानं वाचवलं. आता येक काम करा दादा. गेनबा शुक्करवारपासनं बिरूच्या जाग्यावर लागतोय. त्याला आदीपासनंच सुया द्या. बिरूला उशिरा दिल्या, तसं ह्याचं नगं."

मी म्हणालो, "ठकुबाई, गेनबाला तिथं पाठवू नका."

"घरात कमावणारं दुसरं कोन हाय? तुमच्या भावाला दिल्या. त्यो बगा कसा ठणठणीत बसलाय. आमच्याच पोराला का न्हाई?"

युनूस उठून उभा राहिला, मी त्याला खाली बसवलं. मग मीच बोललो. एवढं स्पष्ट मी आयुष्यात कधी बोललो नसेन.

"माझ्या भावाला सुयांनी वाचवलं नाही. तुमच्या बिरूनं वाचवलं. हा त्या धुरातून बाहेर पडला आणि बिरू त्याच्या जागी उभा राहिला. बिरूला मी सांगितलं की सुया आहेत, भिऊ नको. म्हणून तो लाइट गेल्यावरही आत राहिला. त्याला वाचवलं ते पुण्याच्या दवाखान्यानं. यंत्रानं नाही."

ती खाली बसली आणि पसरलेला पदर आवरून घेतला. मला वाटलं शिव्या देईल. मी शिव्यांसाठी तयारच होतो.

"बिरूला ह्ये ठावं हाय का?" तिनं विचारलं.

"नाही."

"त्यो रोज सांजंला दिवा लावतो तवा पयलं तुमचं नाव घेतो. मग माजं." ती उठली, डोक्यावरची चुंबळ सारखी केली. "गेनबा न्हाई जायाचा. त्याचं मी बगते. पर बिरूला ह्ये माज्या तोंडानं सांगनं व्हायाचं न्हाई. तुमी येऊन सांगा."

टहाळ नेला नाही. मी न्या म्हणालो तरी नेला नाही.

गुरुवारी सकाळच्या चाकणच्या गाडीनं जायचं ठरलंय. मला इतकी भीती टेम्पोतसुद्धा वाटली नव्हती. युनूस म्हणाला, "भाई, आधी मी बोलतो."

मी म्हणालो, "नाही. आधी मी."